मे महिन्यातला बर्फ कसा ओळखायचा? (रुपिन पास, साताऱ्याहून नऊ जण)

यवतेश्वरची_पायवाट

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नऊ जण रुपिन पासला (उत्तराखंडातून हिमाचलात उतरणारी हिमालयातली खिंड) निघालोय. सात जण साताऱ्याचे, दोघी सांगलीच्या. धौलापासून सुरुवात, धबधब्याच्या खालचा आणि वरचा मुक्काम, मग रती फेरीचा मुक्काम, तिथून घळीतून वर चढून खिंड (साधारण १५,२५० फूट) आणि पलीकडे सांगला. जानेवारीपासून आठवड्यातून चार दिवस पहाटे यवतेश्वरचा घाट आणि रविवारी अजिंक्यतारा दोनदा, नाहीतर जरंडेश्वर, असा सराव चाललाय. दमाची काळजी नाही. काळजी बर्फाची आहे, आणि ती मागच्या वर्षीपासून मनातून जात नाही.

मागच्या मेमध्ये मी मनालीच्या वरच्या अंगाला एका छोट्या ट्रेकला गेलो होतो. सकाळी सातला एक उतार आडवा पार केला. बूट टेकला की कुरकुर आवाज यायचा, टाचेची कड जेमतेम रुतायची. वर फोटो, डबे, गप्पा यात वेळ गेला आणि परत त्याच उतारावर आलो तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. आता प्रत्येक पाऊल गुडघ्याच्या वर जात होतं. पाय उपसला की खड्ड्याच्या तळाशी पाणी दिसायचं. वर उघड्या खडकांपासून लिंबाएवढे गोळे सुटून खाली येत होते आणि येता येता स्वतःभोवती बर्फ गुंडाळून घेत होते. थांबल्यावर बघितलं तर अगदी चकलीसारखे वेढे. आम्हाला गंमत वाटली, दोघांनी व्हिडिओही काढला.

दहा मिनिटं झाली असतील. आमच्या डावीकडचा, शंभरेक फुटांवरचा उतार सुटला. मोठा धमाका वगैरे काही नाही. ओल्या वाळूचा डंपर रिकामा करताना येतो तसा जड, घसरता आवाज. उतार आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू सुरू झाला आणि मग हळू राहिला नाही. खाली जाऊन थांबला तिथे माणसाच्या उंचीचे ढेकूळ रचलेले. सकाळी आमची पावलं त्याच पट्ट्यातून गेली होती.

आयोजक कोण होते ते लिहिणार नाही, तो या धाग्याचा विषय नाही. संध्याकाळी विचारलं तर उत्तर मिळालं, "मेमध्ये काही होत नाही, बर्फ जुना असतो." मला हे उत्तर घेऊन पुन्हा डोंगरात जायचं नाही. सोबत वाटाड्या असतोच, पण आपण स्वतः काय बघायचं, काय ऐकायचं, कधी परत फिरायचं? ज्यांनी बर्फात काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

डोंगरवेडा_कराड

दादा, इतका विचार करू नका. तिथली पोरं लहानपणापासून बर्फात वाढलेली असतात, त्यांना सगळं कळतं. मी उत्तराखंडातला केदारकंठा केलाय, काही झालं नाही.

माणदेशी_फौजी

बाळा, तुम्ही व्हिडिओ काढत होता तेव्हाच तुमची वेळ संपली होती. रागावून सांगत नाही. ते गोळे म्हणजे उताराने दिलेली हाळी होती. वरचा थर सुटायला लागलाय, आता माझ्या अंगाखाली थांबू नका, एवढंच तो सांगत होता.

मी २२ वर्षं फौजेत होतो, त्यातली बरीच बर्फात गेली. आमच्याकडे एक शिस्त होती. धोक्याचा उतार रात्री नाहीतर पहाटे ओलांडायचा. एका वेळी एक माणूस, बाकीचे आडोशाला उभे राहून त्याच्यावर नजर ठेवणार. रुकसॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडलेला, काठीची वादी मनगटातून काढलेली, म्हणजे अंगावर आलंच तर सामान आपल्याला खाली ओढत नाही. कमरेला लांब लाल दोरी बांधून मागे सोडायची. माणूस गाडला गेला तरी दोरीचं टोक वर राहण्याची आशा असते. आता यंत्रं आली, तेव्हा दोरीच होती.

३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनवर साडेएकोणीस हजार फुटांवरची चौकी बर्फाखाली गेली. दहा जण होते, त्यात एक आपल्या सातारा जिल्ह्यातला जवान. लान्स नाईक हणमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ तारखेला गेले. त्या आठवड्यात आमच्या भागात कुणाच्या घरचा टीव्ही बंद झाला नाही. ती भर थंडीतली, फार उंचावरची गोष्ट. तुमचा मेचा बर्फ वेगळ्या जातीचा, त्याचं वेळापत्रक वेगळं. पण "काही होत नाही" असं बर्फाबद्दल बोलणारा माणूस मला सहन होत नाही, म्हणून हे लिहिलं.

२३ एप्रिल २०२१ ला चमोलीत नीती खोऱ्यात सुमना इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीमला नथु ला रस्त्यावर सात पर्यटक गेले. दोन्ही एप्रिलमधल्याच गोष्टी. डोंगरावर वसंत आला म्हणजे बर्फ निवृत्त झाला असं नाही.

वाईचा_मास्तर

मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात जायचो. फौजीकाकांनी पहाटेचं सांगितलं. पहाटच का, हे आपल्या जिल्ह्यातल्याच एका गोष्टीवरून समजतं.

डिसेंबर-जानेवारीत दरवर्षी बातमी येते, वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठले. जीपच्या टपावर, बोटींच्या धक्क्यावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर. त्याच पहाटे महाबळेश्वरचा अधिकृत पारा मात्र पाच-सहा अंश दाखवत असतो. लोकांना वाटतं कुणीतरी खोटं बोलतंय. दोघंही खरे आहेत. पारा माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर, पेटीत मोजतात. पान, टप, लाकूड मात्र रात्रभर उघड्या आकाशाकडे आपली उष्णता सोडत राहतात आणि हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की हे फक्त निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री होतं. आभाळ आलं की होत नाही. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली वाकळ.

आता हेच रती फेरीला घेऊन जा. दिवसभर उन्हाने बर्फाच्या वरच्या थरात पाणी झालेलं असतं. रात्र निरभ्र असेल तर बर्फ आकाशाकडे उष्णता सोडतो, हवा शून्याच्या थोडी वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठतो, आणि दाण्यादाण्यातलं पाणी सिमेंटसारखं बांधून घेतं. पहाटे तुम्ही त्या बांधलेल्या थरावरून चालता. रात्र ढगाळ असेल तर हे बांधकाम होतच नाही. सूर्य उगवतो तेव्हा उतार कालच्या दुपारच्या अवस्थेतच असतो, आणि त्यावर आजचं ऊन सुरू होतं. म्हणून मेमध्ये पहाटे लवकर निघालो एवढ्यावर समाधान मानू नका. रात्र कशी गेली ते आधी बघा. ढगाळ रात्रीनंतरची पहाटे चारची वेळ ही पहाट नसते, दुपार असते.

थरांचंही थोडं सांगतो. हिवाळ्यात बर्फ एकदम पडत नाही, पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं) येतील तसा थर-थर बसतो. मध्ये ऊन पडलं की कडक पापुद्रा, त्यावर पुन्हा नवा थर. वसंतात वरून पाणी झिरपायला लागलं की ते अशा पापुद्र्यावर येऊन थांबतं आणि तिथली पकड सुटते. शेवटी वरपासून खालपर्यंत सगळा बर्फ शून्य अंशावर येतो. हिवाळाभर गारठलेला बर्फ पहिल्यांदा असा सगळा भिजतो ते दिवस सर्वांत वाईट. दोन-तीन रात्री लागोपाठ गोठल्या नाहीत की मोठे उतारसुद्धा मुळापासून सुटतात. पाणी निथळून गेलेला, रोज रात्री गोठणारा जुना बर्फ त्या मानाने शहाणा असतो. "बर्फ जुना असतो" हे त्या आयोजकांचं वाक्य अर्धं बरोबर होतं, एवढंच. आणि मेमध्येही वर नवा बर्फ पडतो. जुन्या कडक थरावर एक फूट नवा बर्फ पडला आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन आलं, तर त्या दिवशी मी उताराकडे फिरकणार नाही.

कोयनाकाठ

सर, वाचताना अंगावर काटा आला. आम्ही पाटण तालुक्यातले. २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला होता. तिथेही खाली कातळ, वर मातीचा थर, आणि मधे पाणी. आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात, डोंगराला नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, की घर सोडायचं. बर्फालाही अशा भेगा पडतात का?

वाईचा_मास्तर

पडतात. उताराच्या वरच्या अंगाला कोयत्यासारखी वाकडी, तोंड उघडलेली भेग दिसली तर समजा की सगळा थर जमिनीवरून सरकायला लागलाय. विशेषतः गवताळ किंवा गुळगुळीत कातळाच्या उतारावर. कधी सुटेल ते सांगता येत नाही, आज किंवा पंधरा दिवसांनी. खालून जायचं नाही, एवढंच.

दुसरं, कड्याच्या धारेवर वाऱ्याने बाहेर वाढलेली बर्फाची वळचण असते. तिला कॉर्निस म्हणतात. ती उन्हाने मऊ होऊन तुटते आणि खालचा उतार सोबत घेऊन येते. वर उभं राहून फोटो काढणाऱ्याला ती दिसतच नाही, कारण तो तिच्यावरच उभा असतो.

उताराच्या कोनाबद्दल मुलांना मी घरचा जिना दाखवायचो. जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होतात. म्हणजे भयंकर कडा लागत नाही, जिन्याइतका उतार पुरे. त्याहून खूप उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. मोबाईलमध्ये कोन मोजायची सोय असते, ती घरीच जिन्यावर ठेवून बघा. डोळा तयार होतो.

ऊसवाला_वाळवा

मी ट्रेक करत नाही, पुतणी जाते म्हणून वाचतोय. ओल्या बर्फाचं वजन किती भरतं हो?

वाईचा_मास्तर

ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो. मेमधला भिजलेला ४०० ते ५००. वीस मीटर रुंद, तीस मीटर लांब आणि अर्धा मीटर जाडीचा तुकडा सुटला, म्हणजे अगदी लहानसा, तरी ३०० घनमीटर झाले. ४०० नेच धरा, १२० टन.

ऊसवाला_वाळवा

दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला वीस टन ऊस धरला तर सहा खेपा. एकदम अंगावर. कळलं.

कृष्णाकाठची_सांगली

सांगलीच्या दोघींपैकी एक माझी मुलगी आहे. तिने ही लिंक पाठवली आणि "आई वाच" एवढंच लिहिलं. दोनदा वाचलं. तिला जाऊ नको म्हणणार नाही, ती आणि मी दंडोबाला पहिल्यांदा एकत्रच गेलो होतो. पण माणूस गाडला गेला तर काय करतात, हे कुणीतरी सांगा. फौजीभाऊ, तुम्ही सांगा, लपवू नका.

माणदेशी_फौजी

ताई, विचारलंत ते बरं केलंत. लपवत नाही.

बर्फ वाहतो तोवर पाण्यासारखा असतो, थांबला की दगड होतो. मेमधला ओला तर जास्तच. आत अडकलेल्याला बोट हलवता येत नाही. वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर माणूस वाचण्याची आशा चांगली, अर्ध्या तासानंतर ती फार घसरते. त्यामुळे मदत खालून येऊन उपयोगाचं नाही. जे शेजारी उभे आहेत तेच वाचवणार. म्हणूनच एकेकाने ओलांडायचं. सगळे एकदम उतारावर असले तर खणणारं कुणी उरत नाही. आणि जो वाहून गेला तो शेवटचा कुठे दिसला ती जागा एकाने नजर न हलवता धरून ठेवायची, तिथून खालच्या बाजूला शोधायचं.

यंत्र म्हणाल तर ४५७ किलोहर्ट्झवर बोलणारे ट्रान्सीव्हर असतात, म्हणजे संदेश सोडणारी आणि गाडलेल्याचा संदेश पकडणारी छोटी यंत्रं. प्रत्येकाच्या अंगावर एक, सोबत टोचायची लांब सळई आणि फावडं. तिन्ही असतील तरच उपयोग, आणि सराव केलेला असेल तर. आपल्याकडच्या ट्रेकला हे क्वचित दिसतं. पोरांनो, आयोजकांना स्पष्ट विचारा, आहे का, आणि वापरता कुणाला येतं. नसेल तर तुमच्या हातात एकच हत्यार उरतं, ते म्हणजे घड्याळ.

डोंगरवेडा_कराड

काका, वर मी घाईत लिहिलं होतं, ते चुकलं. एक विचारतो. वाटाड्या म्हणाला चला आणि आपल्याला पटत नसेल तर? तो तिथला, आपण साताऱ्या-कराडचे. कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

माणदेशी_फौजी

त्याला सल्ला द्यायला जाऊ नको, प्रश्न विचार. "भाईजी, रात को जमा क्या? यहाँ से कितने बजे तक निकल जाना है?" चांगला वाटाड्या खूश होतो, गिऱ्हाईक बर्फाकडे बघतंय म्हणून. बऱ्याचदा त्यालाच थांबायचं असतं, पण मागे वीस जणांची गाड्यांची तिकिटं काढलेली असतात. तुम्ही थांबायची तयारी दाखवली की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. हातात एक जादा दिवस ठेवून जा. बर्फातली निम्मी संकटं रेल्वेच्या तिकिटाने आणलेली असतात.

यवतेश्वरची_पायवाट

काका, सर, इतकं मनापासून लिहिलंत, आभारी आहे. परतीची तिकिटं एक दिवस पुढे ढकलली. काठीने तपासायचं कसं ते एकदा सांगाल का?

वाईचा_मास्तर

काठी उलटी धरा, मुठीची बाजू खाली. सावकाश, सारख्या जोराने दाबा आणि हाताला काय लागतं ते बघा. वर कडक थर किती बोटं आहे, खाली काय आहे. वर पापुद्रा आणि खाली लापशी असेल तर तो पापुद्रा सूर्य आल्यावर तासाभरात जातो. मग बूट. टाचेपर्यंत रुतला, चाला. घोट्याच्या वर जायला लागला, निघायची वेळ झाली. पोटरीच्या वर, उशीर झालाय. आणि हे एकाच जागी बघू नका. पूर्वेचा उतार आधी तापतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. सकाळी सावलीतला उतार कडक लागला म्हणून उन्हातलाही तसाच असेल असं नाही.

रुपिनच्या वाटेवर नदी-ओढ्यांवरचे बर्फाचे पूल लागतील. तेही पहाटेच. मध्यभागी खळगा पडलेला दिसला किंवा खालून पाण्याचा आवाज जवळून आला तर वळसा घ्या, कितीही लांब पडला तरी.

चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते. पूर्वी मनालीला सासे ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था होती, २०२० मध्ये ती यात विलीन झाली. निघायच्या आधी ते आणि हवामान खात्याचा अंदाज दोन्ही बघा. पण ते मोठ्या भागासाठी असतात, तुमच्या घळीसाठी नाही. घळीचा अंदाज काठीच देणार.

यवतेश्वरची_पायवाट

सांगलाहून लिहितोय. नऊही जण सुखरूप आहोत. रेंज आत्ता मिळाली.

रती फेरीला पोहोचलो त्या संध्याकाळीच आभाळ भरून आलं. रात्री अडीचला उठलो. तंबूच्या कापडावर हात फिरवला, ओलं होतं, गोठलेलं नव्हतं. वर एकही तारा नाही. कॅम्पच्या मागच्या उतारावर जाऊन काठी दाबली. चार बोटं किंचित अडली आणि मग मूठ सरळ खाली गेली. ट्रेक लीडर तिथेच टॉर्च घेऊन उभा होता. मी काकांचा प्रश्न विचारला, "रात को जमा क्या?" त्याने मान हलवली आणि म्हणाला, आप लोग रुक सकते हो? मी म्हटलं, एक दिन है. त्याने टॉर्च बंद केली आणि चहा टाकायला सांगितला.

आमच्यातल्या दोघांना हे पटलं नाही, ते मान्य करतो. शेजारच्या कॅम्पमधला गट साडेतीनला निघाला आणि सुखरूप पार झाला. दिवसभर तंबूत बसून ते ऐकणं सोपं नव्हतं. अकराच्या सुमाराला समोरच्या उन्हातल्या उतारावर दोन ठिकाणी बर्फ सुटला, लहानच, कुणाच्या वाटेवर नव्हता. दोघांनी तो बघितला. त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुसरी रात्र लख्ख. अडीचला तंबू कापडाऐवजी पत्र्याचा वाटत होता, चेन उघडताना वरून पांढरी भुकटी मानेवर पडली. सर, तुमच्या वेण्णा तलावाच्या जीपचा टप आठवला. काठी टेकली तर टक् आवाज. घळीत एकेक जण, मधे अंतर ठेवून, खडकाच्या आडोशापासून पुढच्या आडोशापर्यंत. साडेसहाच्या आत सगळे खिंडीवर होतो. काकू, तुमची लेक सर्वांत शेवटी आली, कारण खाली थांबून प्रत्येकावर नजर ठेवायचं काम तिने स्वतः मागून घेतलं होतं.

कृष्णाकाठची_सांगली

तिचा फोन आत्ताच झाला. तिने हे सांगितलं नव्हतं.

माणदेशी_फौजी

शाब्बास. दोन्ही पहाटे काठी किती आत गेली ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

यवतेश्वरची_पायवाट

लिहिलंय काका. पहिल्या पहाटे दीड हात. दुसऱ्या पहाटे दोन बोटं.